गोठे, दुग्धालय आणि संगणकांचें सामायिक भांडार

गोरेगांवाहून पवईकडे जाणारा रस्ता आरे वसाहतींतून जातो. त्या रस्त्यानें शाळेस येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तेथील गोठे परिचित आहेत. सन १९४९ मध्यें मुंबई शहरांतील तबेल्यांतून म्हशी हलवून ही वसाहत वसविण्यांत आली. दारा खुरोडी हे त्या योजनेचे प्रमुख कर्ते. गोठे पुष्कळ, जनावरांचे मालक निरनिराळे, परंतु दूध एका मध्यवर्ती दुग्धालयांत जाई. संगणकांच्या जगांतही आज अशीच एक व्यवस्था चालते. ती पालकांस व विद्यार्थ्यांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका बलवान संगणकाच्या पोटीं दहावीस ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी यंत्रें, नांदूं शकतात. अशा संगणकास होस्ट, अर्थात् यजमान, म्हणतात. आभासी यंत्राची तबकडी ही बहुधा एक मोठी फाइलच असते. ती यजमानाच्या स्वतःच्या तबकडीवर असली, तर यजमान मोडतांच त्यावरील सारीं यंत्रें मुकीं होतात. ती जाळ्यावरील सामायिक भांडारांत असली, तर दुसरा यजमान तीच फाइल उघडून यंत्र पुन्हां सुरू करतो. दुरुस्तीकरितां यजमान बंद करावयाचा असल्यास चालतें यंत्रही दुसरीकडे नेतां येतें. त्या वेळीं स्मृतींतील मजकूर तेवढा प्रवास करतो, फाइल जागची हलत नाहीं.

भांडाराशीं जोडणी मुख्यत्वें दोन रीतींनीं होते. एनएफएस ही रीत सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीनें १९८४ मध्यें निर्मिली. तींत फाइलींची नोंदवही भांडारच राखतें. आयस्कझी ह्या रीतीचें प्रमाण २००४ मध्यें ठरलें. तींत भांडार केवळ कोरा तुकडा देतें आणि त्यावरील नोंदवही यजमान लिहितो.

खरा धोका येथेंच आहे. एकच तुकडा दोन यजमानांस दिला व नोंदवही साध्या पद्धतीची असली, तर रिकामी जागा कोणती हें प्रत्येक जण स्वतःच्या स्मरणावरून ठरवितो. दोघेही एकाच जागीं लिहितात, आणि मजकूर निमूटपणें नष्ट होतो. म्हणून एकानें लिहितांना दुसऱ्यास थांबविणारी, कुलपाची सोय असलेली नोंदवही वापरावी लागते. आणि कोणता तुकडा कोणास दिसावा हें यजमानाच्या नांवानिशीं व गुप्त शब्दानें बांधून द्यावें लागतें. दुग्धालयाचा दृष्टांत येथें अर्थातच तुटतो. तेथें दूध मिसळलें तरी चालतें.

दुसरी गोष्ट मार्गांची. आमच्या माहितींतील एका कार्यालयांत प्रत्येक यजमानापासून भांडाराकडे दोन केबली होत्या, म्हणून सर्व निश्चिंत होते. मात्र त्या दोन्ही एकाच स्विचमध्यें खोंवलेल्या! एका पावसाळी दुपारीं तो स्विच बंद पडला. यजमान जिवंत, भांडार जिवंत, तरी यंत्रें दगडासारखीं स्तब्ध. स्विच बदलल्यावरही कित्येक यंत्रांनीं आपल्या तबकड्या ‘केवळ वाचनासाठीं’ म्हणून धरून ठेविल्या होत्या. तीं एकेक करून पुन्हां सुरू करावीं लागलीं, आणि अडीच तास लोक खिडकीपाशीं तिष्ठत राहिले.

त्यांनीं पुढें दुसरा स्विच घेऊन वेगळ्या वीजवाहिनीवर बसविला. आतां महिन्याच्या पहिल्या शनिवारीं तेथील तंत्रज्ञ एक केबल हातानें उपसून काढतो आणि यंत्रें चालतात कीं नाहीं तें पाहतो.