परिक्रमेनंतरची पोटरी

नर्मदेची सायकल परिक्रमा आता नवलाची राहिलेली नाही. चातुर्मास संपला की पुण्या-नाशिककडची पन्नाशी-साठीतली मंडळीसुद्धा सायकली काढतात. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले की अंतर अडीच हजारांच्या वर जाते. निघण्यापूर्वी सराव होतो, टायर-ट्यूब बदलल्या जातात, हौसेने रक्ततपासणीही केली जाते. ओंकारेश्वरला जल चढवून घरी परतल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. खरे तर डॉक्टरांची गरज लागलीच तर ती बहुधा याच काळात लागते.

पोटऱ्या दुखतात, ही नेहमीची तक्रार. कारणही रुग्ण स्वतःच सांगून टाकतो : 'एवढी सायकल चालवली, दुखणारच!' घोटाळा इथेच होतो. न सरावलेल्या स्नायूंना ताण पडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त दुखतात आणि आठवडाभरात मोकळे होतात. पण तीन आठवडे रोज पायडल मारलेले पाय हे सरावलेले पाय असतात. घरी आल्यावर दहाव्या दिवशी पोटरी नव्याने दुखू लागली, तर दोष सायकलला देऊन चालत नाही.

एक शक्यता परतीच्या प्रवासात दडलेली असते. शेवटचा टप्पा संपतो, सायकली जीपच्या टपावर चढतात आणि थकलेली माणसे दहा-बारा तास गुडघे मुडपून झोपून येतात. पायातले रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते तासन्‌तास निपचित राहिले आणि त्यात अंगात पाणी कमी असले, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. अशा वेळी सहसा एकच पाय सुजतो, गरम लागतो, दुखतो. आपल्याकडे असा पाय दिसला की घरचे लोक तेल लावून रगडायला बसतात. ते अजिबात करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे.

दुसरी शक्यता तापाची. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशी आणि गुराढोरांच्या लघवीतून संथ पाण्यात व चिखलात येतात. सायकलस्वाराच्या अंगावर त्यांना वाटा भरपूर सापडतात : सीटने सोललेली कातडी, खरचटलेले गुडघे, भेगाळलेल्या टाचा. नर्मदेच्या स्नानाला बोल लावण्याचा हा प्रश्न नाही. काठाची डबकी कोणत्याही नदीची सारखीच. लागण झाल्यावर आजार दोन ते तीस दिवसांत, बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांत दिसतो. थंडी वाजून ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांना हात लावू देणार नाही इतके दुखणे. हिवतापही डास चावल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी उठतो. म्हणून यात्रेनंतर महिनाभरात ताप आला, तर 'दगदगीचा असेल' म्हणून अंगावर काढू नये. रक्त तपासावे आणि डॉक्टरांना कुठे मुक्काम केला, कुठे आंघोळी केल्या, हे आपणहून सांगावे. लेप्टो वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत पकडतो. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या त्याच मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. लघवी कमी होणे किंवा कोऱ्या चहासारखी गडद होणे ही धोक्याची खूण समजावी.

पायांच्या गडबडीत हात विसरले जातात. हँडलवर तळव्याचा भार पडून मनगटाजवळची नस दबते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. दाब थांबला की काही आठवड्यांत त्या बहुधा जातात. शर्टाचे बटण लावताना किंवा किल्ली फिरवताना बोटांत जोर वाटत नसेल, तर मात्र वाट पाहत बसू नये. सीटवर बसून जांघेत आलेल्या बधिरपणालाही हाच नियम. तो सांगायला लोक लाजतात आणि महिने घालवतात.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर चालवताना साखर उतरते म्हणून अनेकांची गोळी किंवा इन्सुलिन कमी केलेले असते. व्यायामाचा हा परिणाम थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरतो. भूक मात्र यात्रेतलीच राहते, त्यात घरी कौतुकाची पुरणपोळी असते. परतल्याच्या आठवड्यातच उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून डोस डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावा. रक्तदाबाच्या गोळ्या वाटेत कमी केल्या असतील, तर त्यांचाही विषय त्याच भेटीत काढावा.