आकाशात पेटणारी दुसरी मोटर

इस्रोच्या पीएसएलव्ही-एक्सएल रॉकेटचे ४ बूस्टर जमिनीवर पेटतात, उरलेले २ मात्र उड्डाणानंतर सुमारे २५ सेकंदांनी, हवेत! अमेरिकेतले हौशी रॉकेटवालेही नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात हाच खेळ खेळतात.

पण धोका मोठा. वाटेत कललेल्या रॉकेटची दुसरी मोटर पेटली, तर ते वर जाण्याऐवजी माणसांकडेही झेपावू शकते. म्हणून नवशिक्याने आधी एका मोटरच्या उड्डाणावर हात बसवावा. मग कल मोजणारा छोटा संगणक घ्यावा. रॉकेट फार कलले, तर तो ठिणगीच देत नाही. इग्नायटरची चाचणी मोटर न लावता, जमिनीवर घ्यावी. संगणकाचा स्विच रॉकेट लाँच पॅडवर उभे केल्यावरच दाबावा.

दुसरी मोटर न पेटताच रॉकेट पॅराशूटने सुखरूप उतरले? खट्टू होऊ नका. ती फजिती नव्हे, शहाणपण!