लाळेचा नमुना: तोंडातून फ्रीजरपर्यंत

लाळेत सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, प्रथिने, प्रतिपिंडे आणि संप्रेरके असतात. शिवाय तोंडातले जिवाणू आणि गळून पडलेल्या पेशीही तिच्यात मिसळतात. दंतसंशोधनाचा भर या एका टक्क्यावर असतो आणि लाळ केव्हा, कशी घेतली व कुठे ठेवली यानुसार नेमका तोच बदलतो.

पहिला प्रश्न वेळेचा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, तर दुपारनंतर तिचा प्रवाह सर्वाधिक असतो. कॉर्टिसॉल हे संप्रेरक जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोहोचते. म्हणून सगळ्यांचे नमुने दिवसाच्या ठरावीक वेळी घेतात. त्याआधी तासभर तरी खाणे, चहा, तंबाखू आणि दात घासणे बंद असते. ब्रशने हिरडी किंचित सोलवटली तरी रक्तातली प्रथिने लाळेत उतरतात.

दुसरा प्रश्न लाळ आपोआप पाझरलेली की मुद्दाम स्रवायला लावलेली, हा. पहिल्या पद्धतीत व्यक्ती मान खाली घालून बसते, लाळ तोंडात साठू देते आणि ओठांवरून नळीत सोडते. निरोगी माणसात मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ जमते, ०.१ पेक्षा कमी जमल्यास लाळ कमी सुटते असे मानतात. ही लाळ मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथींची असते. मेण चघळायला दिले की प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. मग कानापुढच्या ग्रंथींचा वाटा मोठा होतो, बायकार्बोनेट वाढते आणि सामूही चढतो. त्यामुळे या दोन प्रकारांच्या लाळेतील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

कापसाचा बोळा तोंडात धरणे सोपे असते, पण काही रेणू कापसातच अडकतात. त्यामुळे प्रतिपिंडांचे मापन कमी भरते. टेस्टोस्टेरॉनचे मापन मात्र कापसामुळे उलट फुगलेले दिसते.

नळीत पडल्यावरही लाळ स्वस्थ बसत नाही. उघड्या नळीतून कार्बन डायऑक्साइड निसटून सामू वाढतो. जिवाणूंची आणि लाळेतलीच विकरे हिस्टॅटिन व स्टॅथेरिनसारखी लहान प्रथिने काही मिनिटांतच तोडू लागतात. म्हणून नळी बर्फात ठेवतात आणि गरजेनुसार विकररोधके घालतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करण्याचे कामही गोठवण्याआधीच उरकतात. नाहीतर गोठताना पेशी फुटून त्यांच्यातला ऐवज नमुन्यात मिसळतो.

दीर्घ साठवणीसाठी उणे ८० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. वितळलेल्या नमुन्याच्या तळाशी पांढुरका साका दिसतो. त्यात म्यूसिन आणि इतर प्रथिने बसलेली असतात. दर वेळी गोठवून वितळवताना हे नुकसान वाढते. त्यामुळे नमुना सुरुवातीलाच लहान नळ्यांत वाटून ठेवतात आणि प्रत्येक नळी एकदाच वापरतात.

एकच पद्धत सगळ्या चाचण्यांना चालत नाही. जिवाणू वाढवून मोजायचे असतील तर नमुना गोठवण्याऐवजी वाहक माध्यमात घालून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवतात. आरएनए पटकन विघटित होतो, त्यामुळे त्याला लगेच स्थिरक द्रावण लागते. डीएनए मात्र योग्य द्रावणात खोलीच्या तापमानालाही टिकतो. म्हणून काय मोजायचे ते आधी ठरवून मग नळी निवडतात. शोधनिबंधातही वेळ, पद्धत, प्रवाहाचा वेग आणि साठवणीचे तापमान नोंदवावे लागते, कारण त्याशिवाय दोन अभ्यासांतील फरक रोगामुळे आला की नमुना हाताळण्यामुळे, हे सांगता येत नाही.