तळें हिरवें कां होतें?

उन्हाळ्याच्या आरंभीं गांवतळ्याचें पाणी हिरवें पडतें, त्यावर साय धरते, दुर्गंधी सुटते आणि एखाद्या पहाटे मासे पोट वर करून तरंगतांना दिसतात. हा प्रकार बहुतेक शेतकरी बंधूंच्या पाहण्यांतील आहे. कोणी त्याचा दोष उष्म्यास देतात, कोणी दैवास. खरें कारण काय व त्याचा आपल्या खताच्या गोणीशीं संबंध कोणता, हें ज्या संशोधकानें प्रत्यक्ष सरोवरांवर प्रयोग करून दाखविलें, त्या डॉ. डेव्हिड शिंडलर यांच्या कार्याची ओळख आज आम्ही करून देत आहों.

शिंडलर यांचा जन्म १९४० सालीं अमेरिकेंतील फार्गो येथें झाला व शेजारच्या मिनेसोटा राज्यांतील शेतीच्या मुलुखांत ते वाढले. प्रथम त्यांनीं यंत्रविद्येचा अभ्यास आरंभिला होता. पुढें त्यांचें मन प्राणिशास्त्राकडे वळलें. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डास गेले व १९६६ सालीं तेथें त्यांनीं डॉक्टर ही पदवी संपादिली. १९६८ सालीं कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्येकडील अरण्यांत लहान लहान सरोवरें केवळ प्रयोगांसाठीं राखून ठेवण्यांत आलीं, आणि तेथील कामाची धुरा शिंडलर यांजकडे आली. बाटलींतील पाण्यांत जें घडतें तें सरोवरांत घडेलच असें नाहीं. यास्तव सबंध सरोवरच प्रयोगास घ्यावें, असें त्यांचें मत होतें.

त्या काळीं ईरी या विस्तीर्ण सरोवरांत शेवाळ अतोनात माजलें होतें. दोष सांडपाण्यांतील व धुण्याच्या चूर्णांतील स्फुरदाचा, असें कित्येक शास्त्रज्ञ म्हणत. साबणाच्या कारखानदारांचा पक्ष असा कीं, दोष कर्बाचा आहे. निर्णय चुकला असता तर अपार द्रव्य खर्चूनहि पाणी नासलेलेंच राहिलें असतें.

हा वाद मिटविण्यास शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७३ सालीं २२६ क्रमांकाचें सरोवर निवडलें. तें मध्यें अरुंद असून दोन्ही बाजूंस रुंद आहे. त्या अरुंद जागीं प्लॅस्टिकचा पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. एका भागांत नत्र व कर्ब घातले. दुसऱ्यांत तींच द्रव्यें आणि शिवाय स्फुरद. त्याच हंगामांत स्फुरदाचा भाग हिरवागार झाला. दुसरा पूर्वीप्रमाणें स्वच्छ राहिला. विमानांतून घेतलेलें त्याचें छायाचित्र जगभर गाजलें. कॅनडानें धुण्याच्या चूर्णांतील स्फुरदावर आधींच घातलेल्या मर्यादेस त्यामुळें बळकटी आली, व अमेरिकेंतील अनेक राज्यांनींहि तसेच निर्बंध केले.

दुसरा प्रयोग २२७ क्रमांकाच्या सरोवराचा. त्यास १९६९ पासून नत्र व स्फुरद दोन्ही देत असत. पुढें नत्र कमी केलें व १९९० पासून अजिबात बंद केलें. स्फुरद मात्र चालू ठेविलें. तरी शेवाळ हटलें नाहीं. हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु ज्याप्रमाणें हवेंतील नत्र ओढून घेतात, त्याप्रमाणें नीलहरित शेवाळाच्या कांहीं जाती आपली नत्राची तूट स्वतः भरून काढतात. या ३७ वर्षांच्या नोंदींचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या चिकाटीचें मोल विशेष वाटतें.

तिसऱ्या एका सरोवरांत त्यांनीं १९७६ पासून गंधकाम्ल हळूहळू वाढवीत नेलें. मोठे मासे प्रत्यक्ष आम्लानें मेले नाहींत. त्यांचें भक्ष्य असलेले लहान जीव आधीं नाहींसे झाले व मासे उपाशी खंगले.

१९८९ पासून शिंडलर आल्बर्टा विद्यापीठांत अध्यापक होते. १९९१ सालीं स्टॉकहोम जलपारितोषिक प्रथमच देण्यांत आलें, तें त्यांसच. २०१२ सालीं कॅनडा सरकारनें तें सरोवरक्षेत्र बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां त्यांनीं उघड विरोध केला. २०१४ सालीं एका स्वतंत्र संस्थेनें तें चालविण्यास घेतलें. २०२१ च्या मार्चांत शिंडलर निवर्तले.

आतां आपल्यापुरतें पाहूं. शेवाळ रात्रीं पाण्यांतील प्राणवायु ओढतें व कुजतांना आणखी खातें. म्हणूनच मासे पहाटे मरतात. त्या शेवाळाचें खाद्य जें स्फुरद, तें शेतांत मातीच्या कणांस चिकटून राहतें व धुपणाऱ्या मातीबरोबर ओढ्यांतून तळ्यांत जातें. यासाठीं बांध दुरुस्त ठेवावे. नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी. माती तपासून लागेल तेवढेंच स्फुरदयुक्त खत द्यावें, आणि तें वर न फेंकतां पाभरीनें मातीआड करावें. उकिरडा तळ्याच्या उतारावर नसावा. नत्र मात्र कसेंहि टाकावें असा याचा अर्थ नव्हे. तें झिरपून विहिरीच्या पाण्यांत उतरतें.

उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ गाड्या भरून आपण शेतांत आणतों, तो पुष्कळ अंशीं आपल्याच शेतांतून वाहून गेलेला असतो. जें पैसे देऊन विकत घेतलें, तेंच पुन्हां भाडें भरून परत आणावयाचें, त्यापेक्षां तें बांधाच्या आंतच राखणें शहाणपणाचें नव्हे काय?