शोधनिबंधाची पत

बँकेच्या नोकरीत माझी ३४ वर्षे गेली. हजारो ताळेबंद डोळ्यांखालून गेले आणि एक गोष्ट मनावर कायमची ठसली. तारण कितीही भक्कम असले, तरी कर्ज अखेरीस माणसाची पत पाहूनच द्यायचे असते. पत उभी करायला पिढी लागते, घालवायला मात्र एक चुकीची सही पुरते. हा नियम बाजारपेठेपुरताच आहे, अशी माझी समजूत होती. विद्यापीठांच्या जगातही तोच चालतो, हे मला साठी उलटल्यावर आणि तेही घरातल्याच एका प्रसंगामुळे कळले.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी.साठी संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी तिला एका ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या नियतकालिकाचे ई-पत्र आले. तिच्या विद्वत्तेचा गौरव करून शोधनिबंध मागवला होता. तिने तो पाठवला, १८,००० रुपये शुल्क भरले आणि सहाव्या दिवशी निबंध प्रसिद्धही झाला. बंधूंनी दुकानात पेढे वाटले. महिन्याभराने तिच्या मार्गदर्शकांच्या लक्षात आले की ते नियतकालिक बनावट आहे. तेथे निबंध कोणी वाचतच नाही, पैसे घ्यायचे आणि छापायचे एवढाच धंदा. शिवाय एकदा छापलेले संशोधन दुसरीकडे नवे म्हणून देता येत नाही. चार वर्षांचे कष्ट तेथेच अडकून पडले. बंधू कापडाचे व्यापारी. ते मला म्हणाले, “दादा, पैसे गेले त्याचे एवढे नाही. पण मालही गेला आणि नावही गेले, हा कसला सौदा?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर शोधण्याची संधी गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अनपेक्षितपणे चालून आली. एम.कॉम.च्या वर्गातील माझे एक मित्र पुढे इंग्लंडमधील एका विद्यापीठात लेखाशास्त्राचे प्राध्यापक झाले. निवृत्तीनंतर त्यांना युरोपातील विद्यापीठे दरवर्षी बोलावतात. शोधनिबंध कसा लिहावा, कोठे पाठवावा, परीक्षकांना उत्तर कसे द्यावे, यावर ते दोन-दोन दिवसांची चर्चासत्रे घेतात. आमच्यात आजही अरे-तुरे चालते. येथे मात्र त्यांचा उल्लेख प्राध्यापक म्हणूनच करतो. “तू नुसता मागे बसून ऐक. तुझ्या बँकेचीच गोष्ट आहे,” असे म्हणून त्यांनी मला सोबत घेतले. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेने आम्ही ब्रुसेल्सला आणि तेथून अँटवर्पला पोहोचलो.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना अँटवर्प हिऱ्यांमुळे परिचित आहे. परंतु एकेकाळी हे शहर पुस्तकांसाठीही गाजले होते. क्रिस्तोफ प्लँटिन याने येथे १५५५ मध्ये छापखाना सुरू केला. त्याची पेढी पुढे तीन शतके एकाच घराण्यात चालली आणि आज तेथे संग्रहालय आहे. जगातील सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे तेथे जपलेली आहेत. माझे पाय मात्र खिळले ते जमाखर्चाच्या वह्यांपाशी. कागद किती घेतला, खिळे जुळवणाऱ्यास किती मजुरी दिली, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवलेल्या. या दप्तराला युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक स्मृतिठेवा म्हणून मान्यता दिली. शेजारीच मुद्रितशोधकांची खोली आहे. ओकच्या मोठ्या मेजाशी बसून विद्वान मंडळी छापलेला कागद तपासत. प्राध्यापक म्हणाले, “ही खोली नीट पाहून ठेव. मी जे शिकवतो, ते या खोलीतच आहे.”

दुसऱ्या दिवशी चर्चासत्र सुरू झाले. २२ विद्यार्थी होते, त्यांत तीन भारतीय. प्राध्यापकांनी इतिहासापासून आरंभ केला. १६६५ या एकाच वर्षी पॅरिसमध्ये जानेवारीत आणि लंडनमध्ये मार्चमध्ये विद्वानांसाठी नियतकालिके निघाली. लंडनचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी स्वतःच्या खर्चाने काढले आणि ते आजही प्रसिद्ध होते. त्यापूर्वी शोध लागला की तो खाजगी पत्राने कळवला जाई आणि ‘आधी कोणी शोधले’ यावरून भांडणे होत. नियतकालिकाने चार कामे हाती घेतली: शोधाची तारीखवार नोंद, जाणकारांकडून पारख, सर्वांपर्यंत प्रसार आणि पुढच्या पिढ्यांसाठी जतन. “तुम्ही निबंध पाठवाल, तेथे ही चारही कामे होतात का, एवढेच विचारा,” असे ते म्हणाले.

मग त्यांनी एक गंमत केली. निमंत्रणाची दहा ई-पत्रे वाटली आणि खरी कोणती, खोटी कोणती, ते ओळखायला सांगितले. अतिस्तुती, आठवड्यात प्रसिद्धीचे वचन, शुल्काबद्दल आधी मौन, संपादक मंडळात ज्यांना आपले नाव तेथे आहे हेच ठाऊक नाही असे विद्वान, या खुणा विद्यार्थ्यांनीच शोधून काढल्या. तरीही चार ठिकाणी ते चुकले. युरोपातील नामांकित विद्यापीठातील मुलेही फसू शकतात हे पाहून मला पुतणीची आठवण झाली आणि तिच्यावर मनात धरलेला राग थोडा ओसरला.

अँटवर्पहून रॉटरडॅममार्गे लायडनला गेलो. कालव्यांच्या काठचे हे गाव. येथील विद्यापीठ १५७५ मध्ये स्थापन झाले, नेदरलँड्समधील सर्वांत जुने. अँटवर्पमधील राजकीय अशांततेमुळे प्लँटिनही १५८३ मध्ये येथे विद्यापीठाचा मुद्रक म्हणून आला होता. दोन वर्षांनी तो परतला. पुढे लायडनची पेढी एका जावयाकडे राहिली आणि अँटवर्पची दुसऱ्या जावयाकडे गेली. त्याच्याकडे पूर्वी पुस्तकबांधणीचे काम केलेल्या लोडेवाइक एल्झेविर याने लायडनमध्ये आपले स्वतंत्र दुकान थाटले. त्याच घराण्याने १६३८ मध्ये गॅलिलिओचा अखेरचा मोठा ग्रंथ छापला. धर्मपीठाच्या बंदीमुळे त्याला इटलीत प्रकाशक मिळणे अशक्य झाले होते. आजची प्रचंड एल्सेव्हिअर कंपनी मात्र त्या घराण्याची नव्हे. ती १८८० मध्ये रॉटरडॅममध्ये स्थापन झाली आणि तिने जुन्या घराण्याचे नाव घेतले. गुडविल म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

लायडनच्या सत्रात प्राध्यापकांनी फळ्यावर या व्यवसायाचा जमाखर्च मांडला. संशोधनाचा खर्च विद्यापीठ किंवा सरकार करते. लेखक निबंध विनामूल्य देतो. त्याच विषयातील दोन-तीन जाणकार तो तपासतात, त्यांनाही बहुधा मोबदला नसतो. प्रकाशक मजकूर सिद्ध करतो, संगणकावर ठेवतो, जतन करतो. ही कामे खर्चाची आहेत, हे नाकारता येत नाही. पण तयार झालेले नियतकालिक तो त्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विकतो. कच्चा माल विनामूल्य, पारख विनामूल्य आणि पक्का माल पुन्हा त्याच कारखान्याच्या दारी! एल्सेव्हिअरच्या कंपनी-समूहातील वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा नफा अनेक वर्षे उलाढालीच्या ३० टक्क्यांहून अधिक राहिला आहे, असे त्यांनी सांगितले, तेव्हा माझ्यातील बँकवाला सावरून बसला.

या जमाखर्चाला कंटाळून विद्वानांनी मुक्त प्रवेशाची मागणी केली. २००२ मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला, २००३ मध्ये बर्लिनचा. वाचकाला निबंध विनामूल्य मिळावा, हा हेतू उदात्तच होता. पण खर्च कोणी तरी सोसायचा असतो. अनेक प्रकाशकांनी तो लेखकाकडून घेण्यास सुरुवात केली. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाने २०२१ पासून मुक्त प्रवेशासाठी एका निबंधाला ९,५०० युरो हा दर ठेवला, तेव्हा जगभर चर्चा झाली. अशा ठिकाणी परीक्षण खरोखर कठोर असते आणि बहुतेक निबंध परत जातात. परंतु छापलेल्या प्रत्येक निबंधामागे पैसे मिळू लागले की काय होऊ शकते, हे मला प्राध्यापकांनी एका प्रश्नात समजावले. “तुझ्या शाखेतील अधिकाऱ्याला प्रत्येक मंजूर कर्जामागे दलाली दिली असती तर?” उत्तर देण्याची गरजच नव्हती. बनावट नियतकालिके या दारातूनच आत शिरली.

सर्वच मुक्त नियतकालिके शुल्क घेतात, असे मात्र नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने २००३ मध्ये मुक्त नियतकालिकांची सूची सुरू केली. आज तिच्यातील बहुसंख्य नियतकालिके लेखकाकडून काहीही घेत नाहीत. त्यांचा भार विद्यापीठे आणि विद्वत्संस्था उचलतात. लेखक आणि वाचक दोघांनाही विनामूल्य असलेल्या या पद्धतीला तिकडे ‘डायमंड’ म्हणतात.

शेवटचा मुक्काम हायडेलबर्ग. १३८६ मध्ये स्थापन झालेले हे आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने विद्यापीठ. येथे ऐकलेली कथा व्यापाऱ्यांना विशेष आवडेल. जर्मनीतील विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांनी एकेकट्याने भाव ठरवण्याऐवजी एकत्र येऊन बड्या प्रकाशकांशी बोलणी केली. एल्सेव्हिअरशी २०१६ पासून वाटाघाटी चालल्या. त्या फिसकटल्या, अनेक संस्थांनी वर्गणी बंद केली आणि २०१८ मध्ये त्यांना नवे निबंध मिळेनासे झाले. संशोधकांनी ती अडचण सोसली. दरम्यान दुसऱ्या मोठ्या प्रकाशकांशी करार झाले आणि अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये एल्सेव्हिअरशीही झाला. गिऱ्हाईक एकजुटीने थांबू शकले, म्हणून भाव बोलता आला. आपल्या देशानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना २०२५ पासून ती वाचता येऊ लागली आहेत.

त्या संध्याकाळी नेकर नदीच्या काठी मी पुतणीची सारी हकीकत प्राध्यापकांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले. “पैसे विसरा,” ते म्हणाले. “त्या नियतकालिकाला निबंध मागे घेत असल्याचे लेखी कळव आणि प्रत जपून ठेव, असे तिला सांग. मग अधिक प्रयोग करून निबंध नव्याने लिहू दे. चांगल्या नियतकालिकाच्या संपादकाला पहिल्याच पत्रात घडलेले सर्व सांगू दे. लपवले आणि पुढे उघडकीस आले, तर ती कायमची बाद होईल. आधी सांगितले, तर फार तर नकार येईल.” थांबून ते म्हणाले, “तुझ्याकडे थकबाकीदार स्वतःहून येऊन खरे सांगत असे, तेव्हा तू काय करीत होतास?” मी म्हणालो, “त्याला बसायला खुर्ची देत होतो.”

वाचकहो, आज आपल्या अनेक घरांतील मुले-मुली उच्च शिक्षण घेत आहेत. निबंध छापण्यासाठी पैसे हवेत, असे एखाद्या मुलाने सांगितले, तर पालकांनी रक्कम किती यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे नियतकालिक तुझ्या मार्गदर्शकांनी स्वतः वाचले आहे काय? निबंध कोण तपासणार आणि त्यास किती काळ लागणार? शुल्काचा दर संकेतस्थळावर उघडपणे दिला आहे काय? संपादक मंडळातील एखाद्या सदस्याने आपल्या विद्यापीठाच्या पानावर या कामाचा उल्लेख केला आहे काय? हुंडी स्वीकारण्यापूर्वी आपले पूर्वज समोरच्या पेढीची चौकशी करीत, तेवढीच ही चौकशी आहे.

पुतणीने सांगितल्याप्रमाणे केले. मागे घेण्याच्या पत्राला उत्तर आले नाही. नवा निबंध नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या नियतकालिकाकडे गेला, सोबत खरी हकीकत सांगणारे पत्र. संपादकांनी तो परीक्षणासाठी स्वीकारला. मग सात महिने शांतता. यंदा जूनमध्ये परीक्षकांचे उत्तर आले: तीन पानांचे, दोषांनी भरलेले. दोन प्रयोग पुन्हा करा, एक तक्ता बदला, एक निष्कर्ष सौम्य करा आणि दुरुस्त प्रत पाठवा.

त्या सायंकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आली. मी तेथेच बसलो होतो. बंधूंनी पत्र वाचून घेतले आणि चकित होऊन म्हणाले, “अगं, यात तर चुकाच दाखवल्या आहेत. मग पेढे कशाचे?”

“पप्पा,” ती म्हणाली, “या वेळी कोणी तरी वाचला.”