गुणांऐवजीं प्रावीण्य

एकाच निबंधाला दोन परीक्षक सारखेच गुण देतील, अशी खात्री कोणीहि देऊं शकत नाहीं. शंभरांपैकीं बासष्टच कां मिळाले आणि सदुसष्ट कां मिळाले नाहींत, या प्रश्नाला विद्यार्थ्यापाशीं उत्तर नसतें. पुष्कळदां तें परीक्षकापाशींहि नसतें. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या अमेरिकन संशोधकांनीं १९१२ सालीं या गोष्टीचीच परीक्षा घेतली. माध्यमिक शाळेंतील दोन विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती त्यांनीं अनेक शाळांकडे पाठविल्या, आणि १४२ शिक्षकांनीं त्या तपासून परत केल्या. पहिल्या उत्तरपत्रिकेला कोणी ६४ गुण दिले होते, तर कोणी ९८. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत गुण पडले होते. उत्तरपत्रिका त्याच, अक्षर न् अक्षर तेंच. बदलला होता तो फक्त तपासणारा हात.

या तफावतीचा दोष शिक्षकांच्या आळसाकडे नेतां येत नाहीं. एकाची दृष्टि शुद्धलेखनावर स्थिरावते, दुसऱ्याला विचारांची मांडणी महत्त्वाची वाटते, तिसरा भाषेचा डौल पाहतो. आणि शेवटीं तिघांचाहि निर्णय एका आंकड्यांत कोंबला जातो. विद्यार्थ्याच्या हातीं पडतो तो नुसता आंकडा. तो पाहून झाला म्हणजे वही मिटते आणि वर्ग पुढच्या विषयाकडे वळतो. परिच्छेद कसा जोडावा हें ज्याला पहिल्या निबंधांत उमगलें नव्हतें, त्याला तें चौथ्या निबंधांतहि उमगलेलें नसतें. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूनें अमेरिकेंतील कांहीं महाविद्यालयीन शिक्षक वाचन-लेखनाच्या वर्गांत एक निराळी पद्धति वापरतात. तिला प्रावीण्याधिष्ठित मूल्यमापन असें म्हणतां येईल. हे वर्ग पुष्कळदां ऑनलाइन, म्हणजे संगणकावरून घरबसल्या पुरे करावयाचे असतात. त्यामुळें या पद्धतीच्या चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही बाजू तेथें अधिक स्पष्ट दिसतात.

पद्धतीचें मूळ तत्त्व साधें आहे. नेहमींच्या शाळेंत वेळ ठरलेला असतो आणि विद्या कमीअधिक पदरांत पडते. येथें किती विद्या यावी हें ठरलेलें असतें आणि वेळ कमीअधिक लागूं दिला जातो. महाराष्ट्रांतील श्रोत्यांना ही कल्पना सर्वस्वी परकी वाटण्याचें कारण नाहीं. जुन्या वेदपाठशाळेंत आधींची संथा पक्की झाल्याखेरीज गुरुजी पुढची संथा देत नसत. कित्ता गिरवितांना वळण बसेपर्यंत तेंच अक्षर पुन्हां पुन्हां काढावें लागे, आणि गवयाकडे शिकणाऱ्याला एका रागावर महिनेच्या महिने घालवावे लागत. न जमलेला धडा पुन्हां करावा लागे खरा; पण त्यावर शेंकडा अमुक असा शिक्का मारून त्याची फाईल कोणी बंद करीत नसे.

आधुनिक शाळेंत हें तत्त्व आणण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून जुने आहेत. शिकागोजवळील विनेट्का गांवच्या शाळांचा कारभार कार्लटन वॉशबर्न यांनीं १९१९ सालीं हातीं घेतला, आणि प्रत्येक मुलानें आपापल्या गतीनें धडे पुरे करावे, एक घटक आल्यावरच पुढचा घ्यावा, अशी व्यवस्था तेथें घातली. शिकागो विद्यापीठांतील हेन्री मॉरिसन यांनीं १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत असा क्रम सांगितला कीं, शिकवावें, तपासावें, उणें दिसेल तेथें रीत बदलावी, आणि विषय खरोखर येईपर्यंत पुन्हां शिकवून पुन्हां तपासावें. पुढें १९६३ सालीं जॉन कॅरोल यांनीं एक महत्त्वाचा विचार मांडला. एखाद्याची कुवत म्हणजे त्याला तो विषय शिकण्यास लागणारा वेळ होय, असें त्यांचें प्रतिपादन होतें. हें खरें मानलें, तर ज्याला ‘मंद’ म्हणतात आणि ज्याला ‘हुशार’ म्हणतात, त्या दोघांमधील अंतर पुष्कळ अंशीं घड्याळाचें ठरतें.

याच विचारावर बेंजामिन ब्लूम यांनीं १९६८ सालीं आपली योजना उभारली. धडा संपतांच छोटी चांचणी घ्यावी, पण तिचे गुण निकालांत धरूं नयेत. तिच्यांतून जें कच्चें दिसेल त्याची वेगळ्या रीतीनें उजळणी करवावी, आणि मग दुसरी चांचणी घ्यावी, असें तिचें स्वरूप होतें. त्याच वर्षीं फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञांनीं आपल्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एक प्रयोग ब्राझीलमधील ब्राझिलिया विद्यापीठांत सहकाऱ्यांच्या साह्यानें झाला होता. व्याख्यानांवर भर न देतां लिहिलेल्या पाठांवर भर, विद्यार्थ्याची स्वतःची गति, आणि एक घटक पुरता आल्यावरच पुढचा घटक, हीं त्या योजनेचीं मुख्य अंगें होतीं. आजचा ऑनलाइन वर्ग पाहिला म्हणजे केलर यांच्या योजनेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

गणिताच्या किंवा शास्त्राच्या घटकांना ही रीत सहज लागूं पडते. पण निबंधाला ती कशी लावावी? याचें एक उत्तर लिंडा निल्सन यांच्या २०१५ सालच्या ग्रंथांत सांपडतें. प्रत्येक कामाबरोबर त्याच्या अपेक्षा अगोदर स्पष्ट लिहून द्याव्या. काम त्या अपेक्षांना उतरलें किंवा उतरलें नाहीं, एवढाच निर्णय द्यावा. आणि न उतरलेलें काम सुधारण्याची मर्यादित संधि ठेवावी, असें त्यांचें म्हणणें. पासष्ट आणि अडुसष्ट यांतील सूक्ष्म भेद करण्याची शिक्षकाची डोकेदुखी यांत वांचते.

ही रीत कोणाच्या उपयोगी पडते, तें कॅलिफोर्निया राज्याकडे पाहिलें असतां कळतें. तेथें ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजें आहेत. त्यांत प्रवेशाला फारशी अडकाठी नसते, आणि पहिलीं दोन वर्षें तेथें काढून पुष्कळ विद्यार्थी पुढें विद्यापीठांत जातात. नोकरी करणारे, मुलेंबाळें असलेले, घरीं इंग्रजी न बोलणारे असे अनेकजण तेथें एकाच वर्गांत असतात. पूर्वीं प्रवेशाच्या वेळीं चांचणी घेऊन, ज्यांचें इंग्रजी कच्चें दिसे त्यांना पूर्वतयारीच्या वर्गांत बसवीत. त्या वर्गांची नोंद पुढें विद्यापीठाच्या हिशेबांत धरली जात नसे, आणि एकामागून एक असे वर्ग करतां करतां पुष्कळांचें शिक्षण मध्येंच सुटे. २०१७ सालीं झालेल्या कायद्यानें शाळेंतील कामगिरी लक्षांत घेऊन विद्यार्थ्यांना थेट विद्यापीठाच्या दर्जाच्या वाचन-लेखनाच्या वर्गांत प्रवेश मिळण्याचा मार्ग मोकळा केला, आणि २०२२ सालच्या दुसऱ्या कायद्यानें तो अधिक पक्का केला. दार उघडलें, पण आंत आलेल्या सर्वांची तयारी अर्थातच सारखी नव्हती. पहिल्याच निबंधाचे कमी गुण सत्राच्या अखेरीपर्यंत मानेवर बसणार असतील, तर ज्यांच्यासाठीं दार उघडलें तेच आधीं बाहेर पडतात. प्रावीण्याच्या पद्धतीची गरज येथें भासते.

असा ऑनलाइन वर्ग साधारणतः एका सत्राचा असतो. संगणकाच्या पडद्यावर आठवड्याआठवड्याचे घटक मांडलेले असतात; ठराविक वेळीं हजर राहण्याचें बंधन बहुधा नसतें. सत्राच्या आरंभींच साध्यांची यादी दिली जाते. लेखाचें मुख्य प्रतिपादन स्वतःच्या शब्दांत सांगतां येणें, प्रतिपादन आणि पुरावा वेगळे ओळखतां येणें, आपल्या निबंधाचें मध्यवर्ती विधान नेमकें लिहितां येणें, दुसऱ्याचें वाक्य घेतांना त्याचा उल्लेख रीतसर करणें, विरुद्ध मताला न्याय देऊन उत्तर देणें, अशीं तीं साध्यें असतात. प्रत्येकापुढें शिक्षक ‘साधलें’ किंवा ‘अजून नाहीं’ असा शेरा मारतो आणि खालीं कारण लिहितो. ‘अजून नाहीं’ आलेलें काम दुरुस्त करून ठराविक मुदतींत पुन्हां देतां येतें. कांहीं वर्गांत प्रत्येकाला थोडींशीं टोकनें मिळतात. उशीर झाला किंवा आणखी एक वेळ सुधारणा करावयाची असली, तर त्यांतील एक खर्च करावें लागतें. अखेरीस विद्यापीठाला ए, बी, सी हीं अक्षरें हवींच असतात. तीं किती साध्यें हातीं आलीं त्यावरून ठरतात, आणि हा हिशेब विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो.

समजा, दिवसभर रुग्णालयांत काम करणारी एक बाई अशा वर्गांत आहे. मुलें निजल्यावर रात्रीं दहाला ती अभ्यासाला बसते. शहराच्या पाणीपुरवठ्यावरील एका लेखाचा सारांश तिला लिहावयाचा आहे. तिचा पहिला खर्डा परत येतो. शेरा असतो ‘अजून नाहीं’. खालीं शिक्षकानें लिहिलेलें असतें कीं, दुसऱ्या परिच्छेदांत लेखकाचें मत कोठें संपतें आणि तुमचें कोठें सुरू होतें, तें वाचणाऱ्याला कळत नाहीं. पहिल्या रात्रीं तिला हा शेरा नापासाच्या शेऱ्यासारखाच लागतो. जुनी संवय एकदम जात नाहीं. दुसऱ्या रात्रीं ती मूळ लेख पुन्हां वाचते, आणि आपण लेखकाच्या तोंडीं न बोललेली गोष्ट घातली असल्याचें तिच्या ध्यानांत येतें. चूक लेखनांत दिसली. पण ती वाचनांत झालेली होती. तिसऱ्या खर्ड्यावर ‘साधलें’ असें येतें. गुणांच्या पद्धतींत तिला पहिल्याच खर्ड्याला पंचावन्न मिळाले असते, आणि मूळ लेख तिनें पुन्हां उघडला नसता.

या पद्धतीच्या परिणामांबद्दल अतिशयोक्तीहि झालेली आहे. ब्लूम यांनीं १९८४ सालीं, वैयक्तिक शिकवणी आणि प्रावीण्याची रीत एकत्र आली असतां होणाऱ्या फार मोठ्या सुधारणेचा दावा केला; इतका मोठा परिणाम पुढील अभ्यासांत सर्वसाधारणपणें आढळला नाहीं. १९९० सालीं जेम्स कुलिक, चेन-लिन कुलिक आणि रॉबर्ट बँगर्ट-ड्राउन्स यांनीं १०८ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेतला. प्रावीण्याच्या पद्धतीनें परीक्षेंतील कामगिरी सुधारते, आणि वर्गांतील कच्च्या विद्यार्थ्यांना तिचा लाभ अधिक होतो, असें त्यांना दिसून आलें. पण त्याच आढाव्यांत एक धोक्याची सूचनाहि होती. ज्या महाविद्यालयीन वर्गांत गति सर्वस्वी विद्यार्थ्यावर सोंपविलेली होती, तेथें अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचें प्रमाण पुष्कळदां घटत होतें.

याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. आज नाहीं तर उद्यां देतां येईल असें कळलें, म्हणजे काम उद्यांवर जातें, आणि उद्यांचें परवावर. ऑनलाइन वर्गांत समोर शिक्षकाचा चेहरा नसतो, शेजारीं लिहीत बसलेला मित्र नसतो. मागें पडलेल्याला आपण मागें पडलों हें सांगणारें कोणी नसतें. म्हणून अनुभवी शिक्षक मुदती अजिबात काढून टाकीत नाहींत. सुधारणेला वाव ठेवतात, पण पहिला खर्डा ठरल्या दिवशीं मागतात, आणि दोन आठवडे गप्प राहिलेल्या विद्यार्थ्याला स्वतः होऊन पत्र पाठवितात.

दुसरी अडचण शिक्षकाच्या श्रमांची. वर्गांत तीस विद्यार्थी असले आणि प्रत्येकानें एक काम दोनदां दिलें, तर साठ खर्डे वाचून त्यांवर नेमकें कांहीं लिहावयाचें असतें. तें लिहिलें नाहीं तर ‘अजून नाहीं’ हा शेरा आंकड्याइतकाच मुका ठरतो. शिवाय निकषांचें वजन वाढलें म्हणजे निकषापुरतेंच लिहिण्याची वृत्ति बळावते, अशी एक तक्रार आहे. म्हणून ए अक्षर हवें असेल तर अधिक मोठें आणि अधिक अवघड काम मागण्याची प्रथा कांहीं शिक्षकांनीं ठेवली आहे. आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांच्या हातीं आल्यापासून दुरुस्त केलेला खर्डा कोणीं दुरुस्त केला, हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. त्यावर उपाय म्हणून कित्येक ठिकाणीं नव्या खर्ड्याबरोबर एक टिपण मागतात. कोणतें वाक्य बदललें आणि कां बदललें, तें विद्यार्थ्यानें त्यांत सांगावयाचें असतें. खरोखर शिकलेल्याला तें सांगणें जड जात नाहीं.

या पद्धतींतहि निर्णय माणूसच देतो, आणि माणसाचा निर्णय चुकूं शकतो. स्टार्च आणि एलियट यांनीं दाखविलेला दोष समूळ नाहींसा झाला असें म्हणतां येणार नाहीं. फरक इतकाच कीं, निकष अगोदर सांगितलेला असतो आणि निर्णयानंतर काम थांबत नाहीं. हा फरक समजून घेण्यास महाविद्यालयांत किंवा परदेशांत जाण्याची गरज नाहीं. मूल निबंधाची वही घेऊन घरीं आलें, म्हणजे ‘किती मिळाले?’ हा प्रश्न आपोआप तोंडीं येतो. त्याच्याच जोडीला, ‘काय राहिलें, आणि तें पुन्हां केव्हां लिहिणार?’ एवढें विचारलें गेलें, आणि पुन्हां लिहिलेलें घरांतील कोणीं तरी वाचलें, तर मिटूं पाहणारी वही आणखी एका संध्याकाळपुरती उघडी राहील.