रोमन कांस्य नाण्यांचा संग्रह आणि भोकरदन परिसर : एक नाणकशास्त्रीय विवेचन

प्रास्ताविक :

जालना जिल्ह्यातील हसनाबाद हे गाव भोकरदन तालुक्यात येते. भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो. १९७३ च्या सुमारास नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे अवशेष उजेडात आले. अशा परिसरात नाणेसंग्रहाची आवड असणारा प्राध्यापक अथवा विद्यार्थी जेव्हा सम्राटाचे मुख आणि देवतेची आकृती असलेले रोमन कांस्य नाणे हातात घेतो, तेव्हा ते याच मातीतून आले असावे, असे त्याला सहज वाटते. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाण्याचे वाचन :

ज्यांना आपण सरसकट 'कांस्य' म्हणतो, ती सर्व नाणी काशाची नसतात. सम्राट ऑगस्टसने लावून दिलेल्या व्यवस्थेत सेस्टर्शियस व ड्युपाँडियस ही नाणी पितळेची, तर अ‍ॅस हे तांब्याचे होते. चार सेस्टर्शियस अथवा सोळा अ‍ॅस म्हणजे चांदीचा एक दिनारियस, आणि पंचवीस दिनारियस म्हणजे सोन्याचा एक ऑरियस. याच दिनारियसवरून संस्कृतमध्ये 'दीनार' हा शब्द रूढ झाला व गुप्तकालीन लेखांत तो स्थिरावला.

नाण्याच्या दर्शनी बाजूस सम्राटाचे मुख व त्याभोवती लॅटिन अक्षरांत त्याचे नाव आणि पदव्या असतात. सूर्यकिरणांसारखा मुकुट असेल, तर पहिल्या-दुसऱ्या शतकातील पितळी नाणे बहुधा ड्युपाँडियस समजावे. मागील बाजूची देवता ओळखण्याची रीत आपल्या मूर्तिशास्त्राहून वेगळी नाही. विष्णू जसा शंख-चक्रावरून ओळखावा, तशी हाती सुकाणू व समृद्धीचे शिंग असलेली फॉर्चुना, पंख पसरून पुष्पमाला धरणारी व्हिक्टोरिया, शिरस्त्राण व भाला धारण करणारी मिनर्व्हा. देवतेच्या दोन्ही बाजूंस 'एस' आणि 'सी' ही अक्षरे असल्यास ती रोमच्या सिनेटच्या ठरावाची खूण होय. चौथ्या शतकातील कॉन्स्टंटाइनच्या लहान नाण्यांवर प्रथम सूर्यदेव सोल दिसतो. पुढे तो मागे पडून सैनिक व ध्वज येतात. राजाश्रयाला असलेल्या धर्मातील स्थित्यंतर बोटाच्या पेराएवढ्या धातूवर असे वाचता येते. वर्गात दाखविण्यास याहून चांगले साधन क्वचितच मिळेल.

ही नाणी येथे का नाहीत ?

रोमशी आपला व्यापार होता, याविषयी शंका नाही. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर, व तेथून पूर्वेस तगर म्हणजे तेर दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे नमूद आहे. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी आणल्यास स्थानिक चलनाच्या बदल्यात नफा होतो, असेही तो ग्रंथकार लिहितो. त्यात कांस्य नाण्यांचा उल्लेख नाही, आणि हे स्वाभाविकच आहे. सोन्याचांदीच्या नाण्याचे मूल्य त्याच्या धातूत असते. ते कोठेही वजनावर घेतले जाई. पितळी नाण्याचे मूल्य मात्र रोमन शासनाच्या हुकमावर उभे होते. साम्राज्याची सीमा ओलांडताच तो निव्वळ धातूचा तुकडा ठरे.

शिवाय येथील बाजारहाटाला सुट्या नाण्यांची वाण नव्हती. सातवाहनांची शिसे, तांबे व पोटीन या मिश्रधातूची नाणी ती गरज भागवीत होती. मोठ्या व्यवहारांचे दर्शन नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात घडते. तेथे सत्तर हजार कार्षापणांची किंमत पस्तीसास एक या दराने दोन हजार सुवर्ण अशी दिली आहे. दोन चलनांचा विनिमयदर दगडात कोरून ठेवणारा हा समाज नाण्याच्या बाबतीत भोळा नव्हता.

भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांत पहिल्या शतकापुरते पाहिले, तर ऑगस्टस व टायबेरियस यांच्या चांदीच्या नाण्यांचा भरणा अधिक असून ती मुख्यत्वे दक्षिणेत मिळाली आहेत. रोमन कांस्य नाणी मोठ्या संख्येने मिळतात ती तामिळनाडू व श्रीलंकेत, आणि तीही प्रामुख्याने चौथ्या-पाचव्या शतकातील. तेथे ती सुटे चलन म्हणून वापरली गेली असावीत. आपल्याकडे रोमन संबंधाचा पुरावा वेगळ्या रूपात येतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. तेर येथे रोमन नाण्यांच्या नमुन्यावर बनविलेले मातीचे पदक मिळाले. म्हणजे सम्राटाचे मुख येथे चलन न राहता अलंकार झाले. (व्हेनिसच्या सुवर्णनाण्यांची 'पुतळी' करून गळ्यात घालणाऱ्या महाराष्ट्राला हे नवल वाटू नये.) भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या अवशेषाचे साम्य तर थेट इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वी तेथे पोहोचली, हे निश्चित.

संग्राहकापुढील प्रश्न :

यावरून असे दिसते की, आज आपल्या भागातील संग्राहकाकडे असलेले रोमन कांस्य नाणे बहुधा आधुनिक बाजारातून आलेले असते. अध्यापनासाठी त्याचा उपयोग निःसंशय आहे. भोगवर्धनच्या व्यापाराचा पुरावा म्हणून मात्र ते मांडता येणार नाही. त्यात नकलांचाही सुळसुळाट आहे. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ व पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. अस्सल नाणे ठोकून पाडलेले असल्याने त्यावर अशी रेघ नसते.

याउलट जुन्या पांढरीची माती शेतात टाकताना हाती लागणारे, हत्तीची आकृती असलेले पोटीनचे सातवाहन नाणे बाजारात अल्प किमतीचे असते, पण अभ्यासाच्या दृष्टीने विकतच्या सेस्टर्शियसहून अधिक मोलाचे ठरते. अट एकच, ते कोठे मिळाले याची नोंद हवी. असे नाणे चिंचेने वा आम्लाने घासून चकचकीत केले जाते, त्याबरोबर हिरवट थर जातो व पुष्कळदा अक्षरेही जातात. पुढे ते मोडीत गेले, तर काहीच उरत नाही. आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी या कामी थोडीशी शिस्त लावून घेतल्यास पुष्कळ साध्य होईल. नाणे न घासता त्याचे वजन, व्यास व दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक, सापडल्याची तारीख व सोबत मिळालेली खापरे यांची नोंद पाकिटावर करावी. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, हेही विद्यार्थ्यांस आरंभीच सांगावे. नाणे वाचताना अडचण आल्यास नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून कार्यरत असलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेशी पत्रव्यवहार करता येतो. पत्रासोबत नाणे न पाठविता छायाचित्रे व वजन पाठवावे.